ल्युपसमधील नैराश्य: ते ओळखावे कसे आणि उपचारापर्यंत न्यावे कसे

ल्युपस, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटण्याचा दीर्घ आजार, असलेल्या रुग्णाची नेहमीची तपासणी साधारण ठरलेल्या क्रमाने होते. फाइल उघडली जाते, लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, सी३ आणि सी४ (आजाराची सक्रियता दाखवणारी रक्तातील प्रथिने) यांचे आकडे मागच्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहिले जातात, सांधे दाबून पाहिले जातात, एखादी गोळी वाढते किंवा कमी होते, आणि "बाकी काही त्रास?" या प्रश्नाला "नाही, बाकी ठीक आहे" असे उत्तर देऊन रुग्ण उठते. गेल्या दोन महिन्यांत सकाळी अंथरुणातून उठावेसेच वाटलेले नाही, पोळ्या लाटताना कारण नसताना डोळे भरून येतात, आपण नसतो तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता असा विचार मनात येऊन जातो, यातले काहीच त्या संभाषणात येत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, कारण बाहेर रांग असते. रुग्ण सांगत नाही, कारण हा आपल्या स्वभावाचा दोष आहे असे तिने मनाशी धरलेले असते.

हा समज चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होते. वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले असता, निदानाच्या निकषांत बसणारे नैराश्य ल्युपसच्या सुमारे चौघांपैकी एका रुग्णात आढळते आणि चिंतेचे प्रमाण त्याहूनही अधिक असते. नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीच्या गोळ्या चुकतात, तपासण्या पुढे ढकलल्या जातात, व्यायाम सुटतो, आणि त्यातून मूळ आजार पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली ल्युपसच्या उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रुग्णाचे आयुर्मान आणि अवयवांचे रक्षण यांच्या बरोबरीने जगण्याचा दर्जा सुधारणे हेही उपचाराचे उद्दिष्ट म्हणून मांडले आहे. म्हणून मनाची तक्रार डॉक्टरांपुढे मांडताना आपण त्यांचा वेळ घेत आहोत असे मानण्याचे काहीही कारण नाही.

ल्युपसमधील उदासी एकाच ठिकाणाहून येत नाही, आणि ती जिथून येते त्यानुसार तिचा उपाय बदलतो. त्यामुळे "सकारात्मक विचार कर" हा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असला तरी अपुरा ठरतो. आधी उगम शोधायचा, मग उपाय करायचा, या क्रमानेच पुढील मांडणी केली आहे.

उदासी नेमकी कोठून येते

पहिला उगम प्रत्यक्ष आजारात असतो. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते आणि या हल्ल्यातून मेंदू सुटतोच असे नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली ल्युपसमुळे होणाऱ्या मज्जासंस्थेच्या १९ प्रकारच्या विकारांची यादी केली. तीत आकडीचे झटके आणि पक्षाघात यांच्यासोबत मनःस्थितीचे विकार, चिंता, भ्रमिष्टपणा आणि स्मरण-एकाग्रतेतील घट यांचाही समावेश आहे. प्रत्यक्ष मेंदूवर हल्ला झालेला नसतानाही, आजार जोरात असताना रक्तात फिरणारी दाहकारक रसायने मनावर परिणाम करू शकतात. त्यांपैकी इंटरफेरॉन हे ल्युपसमधील महत्त्वाचे रसायन आहे. हेच रसायन पूर्वी हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर इंजेक्शनद्वारे दिले जाई, तेव्हा अनेक रुग्णांना त्या उपचारादरम्यान नैराश्य येत असे. मन खचण्यामागे रसायनांचा किती वाटा असू शकतो, हे त्यावरून कळावे.

दुसरा उगम औषधात असतो आणि त्याबद्दल रुग्णांना फारच कमी सांगितले जाते. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, ज्याला बहुतेक रुग्ण 'वायसोलोन' या नावाने ओळखतात, अनेकदा जीव वाचवते. परंतु मोठ्या मात्रेत ते झोप उडवते, चिडचिड वाढवते, कधी अकारण उत्साह तर कधी खोल उदासी आणते. बोस्टनमधील औषधविषयक पाहणीत, जिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले, दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनसारखेच स्टिरॉइड) घेणाऱ्यांपैकी सुमारे १.३ टक्के, ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४.६ टक्के आणि ८० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्के रुग्णांत ठळक मानसिक लक्षणे दिसली होती. झोपमोड आणि चिडचिड यांसारखे सौम्य परिणाम याहून कितीतरी अधिक जणांना जाणवतात. हे परिणाम बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसू लागतात आणि मात्रा उतरवली की ओसरतात. काहींना मात्र मात्रा कमी होत असतानाच उदासी येते.

येथे एक ताकीद द्यायलाच हवी. हे वाचून स्टिरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नये. काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर शरीरात नैसर्गिकरीत्या होणारी स्टिरॉइडची निर्मिती मंदावलेली असते, त्यामुळे गोळी अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

तिसरा उगम परिस्थितीत आहे. ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयात सुरू होतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मूल हे सारे निर्णय ज्या काळात घ्यायचे, नेमक्या त्याच काळात हा आजार दारात उभा राहतो. केस गळतात, गालांवर चट्टे उठतात, स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, आणि निदान होण्यापूर्वीच अनेकींनी एक-दोन वर्षे "रक्त कमी आहे", "टेन्शन घेतेस" अशी वाक्ये ऐकत दवाखाने पालथे घातलेले असतात. या सगळ्याचे दुःख होणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु दुःख स्वाभाविक आहे म्हणून त्यावर उपचार नको, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. हाड मोडल्यावर दुखणे स्वाभाविक असूनही आपण प्लास्टर घालतोच.

चौथा उगम सोबतच्या आजारांत असतो आणि तो शोधणे सर्वांत सोपे आहे. ल्युपसच्या रुग्णांमध्ये थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. उन्हापासून जपावे लागत असल्याने शेवटची तर जवळजवळ अपेक्षितच असते. सर्वांगदुखी आणि झोप न लागणे हे मुख्य लक्षण असलेला फायब्रोमायल्जिया, स्टिरॉइडमुळे वजन वाढल्यावर झोपेत श्वास अडखळणे, यांचाही मनावर थेट परिणाम होतो. एका साध्या रक्ततपासणीत थायरॉइडची कमतरता सापडून महिनोन्‌महिन्यांच्या मरगळीचा खुलासा होतो, असेही घडते.

एकाच व्यक्तीत यांतील दोन-तीन उगम एकत्र असू शकतात. म्हणून एक कारण सापडले की शोध थांबवू नये.

थकवा कोणता आणि नैराश्य कोणते

ल्युपसचा थकवा हा साध्या दमण्यापेक्षा वेगळा असतो. आठ तास झोपूनही अंगातले बळ काढून घेतल्यासारखे वाटते. त्यामुळे रुग्ण आणि घरचे दोघेही नैराश्याची लक्षणे थकव्याच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

फरक ओळखण्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारावा: शरीराने साथ दिली असती, तर मला हे करावेसे वाटले असते का? बाल्कनीतल्या मोगऱ्याला पाणी घालायचे आहे, पण खुर्चीतून उठवत नाही, म्हणून मुलाला हाक मारून पाणी घालायला सांगितले आणि फुले आली का हे विचारले, तर तो थकवा आहे. मोगरा सुकतो आहे हे दिसत असून कोणाला सांगावेसेही वाटले नाही, आणि सुकला तर सुकला असे वाटले, तर ते बहुधा नैराश्य आहे. थकव्यात इच्छा शिल्लक असते. नैराश्यात इच्छाच विझत जाते. त्याच्या जोडीला आपण निरुपयोगी आहोत, सर्वांवर ओझे आहोत, पुढे काही चांगले होणार नाही, असे विचार दिवसचे दिवस राहिले, तर शंका घ्यायला पुरेशी जागा आहे.

मोजमापासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती मराठीतही उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. बेरीज ० ते २७ च्या दरम्यान येते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र नैराश्याची शक्यता मानली जाते. १० किंवा अधिक गुण आल्यास डॉक्टरांशी बोलणे आवश्यक समजावे. मात्र ल्युपसमध्ये ही बेरीज जपून वाचावी लागते, कारण झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांविषयीचे प्रश्न आजारामुळे किंवा स्टिरॉइडमुळेही जास्त गुण मिळवून देतात. म्हणून बेरजेइतकेच लक्ष चार प्रश्नांकडे द्यावे: कशातच रस न वाटणे, उदास किंवा हताश वाटणे, स्वतःबद्दल वाईट वाटणे, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे. शेवटच्या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त कोणतेही उत्तर आले, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे.

अशा वेळी टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तिथे मराठीतून बोलता येते. जिवाला तातडीचा धोका वाटत असल्यास ११२ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, आणि घरातील औषधांचा साठा दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्यावा. मरणाच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने ते विचार मनात रुजतात ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुतेकदा मोकळेपणा वाटतो.

दोन आठवड्यांची वही

उगम शोधण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शाळेची दोनशे पानी वही. रोज रात्री पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नये, नाहीतर चौथ्या दिवशी वही बंद पडते. झोप, स्टिरॉइडची मात्रा, सांधे किंवा चट्टे यांची स्थिती, मनाला शून्य ते दहांपैकी गुण, आणि त्या दिवशी घडलेली किंवा टाळलेली एक गोष्ट, एवढे पुरे. नोंद साधारण अशी दिसावी:

"मंगळवार. झोप ११ ते ३, मग जाग. वायसोलोन २०, शुक्रवारपासून ३० वरून कमी. बोटे सकाळी तासभर आखडलेली. मन ३. शेजारच्या काकू आल्या, दार उघडले नाही. रात्रीची गोळी राहिली."

या सहा वाक्यांत डॉक्टरांना हवे ते जवळजवळ सर्व आहे. दोन आठवड्यांनी पाने एकत्र वाचावीत. मनाचे गुण सांध्यांच्या दुखण्याबरोबर खाली-वर होत असतील, तर आजाराच्या उसळीकडे लक्ष जाते. मात्रा वाढवल्यानंतर आठवड्यातच झोप आणि मन दोन्ही बिघडली असतील, तर स्टिरॉइडकडे. सांधे शांत आहेत, रक्ताचे आकडे चांगले आहेत, मात्राही स्थिर आहे आणि तरी मन तीनच्या वर जात नाही, तर स्वतंत्र नैराश्याचा किंवा थायरॉइडसारख्या सोबतच्या आजाराचा विचार करावा लागतो. अंतिम निर्णय डॉक्टरांचाच. पण वहीमुळे तो अंदाजावर न राहता नोंदींवर घेता येतो. ज्यांना लिहिणे जड जाते, त्यांनी फोनवर स्वतःचा आवाज नोंदवून ठेवला तरी चालेल.

डॉक्टरांपुढे कसे मांडावे

मनाची गोष्ट भेटीच्या शेवटी न काढता सुरुवातीलाच काढावी. दाराची मूठ हातात असताना सांगितलेल्या तक्रारीला वेळ मिळत नाही. खुर्चीवर बसताच "आज मला रिपोर्टांआधी एक गोष्ट सांगायची आहे, गेले सहा आठवडे मन अजिबात लागत नाही, मी लिहून आणले आहे" एवढे म्हणून वहीचे पान आणि भरलेली प्रश्नावली पुढे ठेवावी. सोबत नवरा, आई किंवा सासू असेल आणि त्यांच्यासमोर बोलणे कठीण वाटत असेल, तर पाच मिनिटे एकटीने बोलायचे आहे असे स्पष्ट सांगावे. तो रुग्णाचा हक्क आहे.

संधिवाततज्ज्ञांना तीन गोष्टी विचाराव्यात. सध्या आजार सक्रिय आहे का आणि मनाची लक्षणे त्यामुळे असू शकतात का? स्टिरॉइडची मात्रा कमी करणे शक्य आहे का, आणि निदान ती सकाळी एकदाच घेता येईल का, जेणेकरून झोप कमी बिघडेल? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी अलीकडे झाली आहे का? संधिवाततज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींनुसार, आजार आटोक्यात आल्यावर प्रेडनिसोलोनची रोजची मात्रा ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवावी आणि जमेल तेव्हा ते बंद करावे, असे उद्दिष्ट आहे. वर्षानुवर्षे १० किंवा १५ मिलिग्रॅमवर असलेल्या रुग्णाने हा विषय आदराने पण निःसंकोचपणे काढायला हवा.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. या औषधाने, बहुधा पहिल्या महिन्यात, क्वचित कोणाला मानसिक त्रास होऊ शकतो आणि तसा संशय आल्यास डॉक्टरांना कळवावे. परंतु ल्युपसमधील हे सर्वांत उपकारक औषध आहे, आणि मन खचलेले असताना "इतक्या गोळ्या कशाला" म्हणून सर्वांत आधी सोडली जाते ती बहुधा हीच गोळी. ती सोडल्याने आजार उसळण्याचा धोका वाढतो.

काही लक्षणांसाठी पुढच्या भेटीची वाट पाहू नये. अचानक आलेला गोंधळ, माणसे किंवा वेळ न ओळखणे, नसलेले आवाज ऐकू येणे, आकडीचा झटका, एका बाजूचे बळ जाणे, तापासह तीव्र डोकेदुखी, किंवा दोन-तीन रात्री जवळजवळ न झोपता अखंड बोलणे, खर्च करणे आणि मोठमोठ्या योजना आखणे, ही सारी त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची कारणे आहेत. मेंदूवरील ल्युपस, जंतुसंसर्ग आणि स्टिरॉइडचा परिणाम यांतला फरक तपासण्यांशिवाय कळत नाही, आणि त्यांचे उपचार परस्परविरुद्ध दिशेचे असू शकतात: एकात स्टिरॉइड वाढवावे लागते, दुसऱ्यात कमी करावे लागते.

उपचार: गोळ्या आणि संवाद

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक संवादातून उपचार करतात. सौम्य नैराश्यात केवळ संवादोपचार पुरेसा ठरू शकतो, मध्यम आणि तीव्र नैराश्यात बहुधा दोन्ही लागतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांतही ही सेवा मिळते. मुंबई-पुण्याबाहेरच्या रुग्णांना संधिवाततज्ज्ञांसाठी आधीच शंभर-दोनशे किलोमीटर प्रवास करावा लागतो. त्यांनी दोन्ही भेटी एकाच दिवशी बसवून घ्याव्यात, किंवा मानसोपचाराच्या पुढच्या भेटी फोनवर होतील का हे विचारावे.

नैराश्याच्या गोळ्यांनी सवय लागते, त्या घेतल्या की माणूस गुंगीत राहतो, हे समज अजूनही घट्ट आहेत. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम यांसारख्या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधांची नशा होत नाही. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायदा दिसायला सहा ते आठ आठवडे, आणि बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते चालू ठेवावे लागते. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाटू शकते. ती बहुधा ओसरते. अचानक थांबवल्यास चक्कर आणि बेचैनी येते, म्हणून बंद करायचे तेही टप्प्याटप्प्याने.

मानसोपचारतज्ज्ञांना ल्युपसच्या सर्व औषधांची यादी दाखवणे हे मात्र टाळता येणार नाही असे काम आहे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन, ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असताना सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांच्या गटातील औषधांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि एस्सिटालोप्राम ही दोन्ही औषधे हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतात, त्यामुळे ती एकत्र देताना ईसीजी काढण्याचा सल्ला मिळू शकतो. ल्युपससोबत डोळे आणि तोंड कोरडे पडण्याचा विकार असेल, तर अमिट्रिप्टिलिन या नैराश्याच्या जुन्या औषधाने कोरडेपणा वाढतो. यांपैकी कोणतीही गोष्ट उपचार नाकारण्याचे कारण नाही. औषध निवडताना ती माहीत असावी, एवढेच.

संवादोपचारात विचार आणि वर्तन यांच्या सवयी बदलण्याच्या पद्धतीचा ल्युपससह अनेक दीर्घ आजारांत उपयोग दिसून आला आहे. "आज सांधे दुखले म्हणजे आता मूत्रपिंड जाणार" अशी मनाची उडी ओळखायची, ती कागदावर लिहायची आणि तिच्या बाजूने व विरुद्ध काय पुरावा आहे ते तपासायचे, असे हे काम असते. त्यासाठी साधारणपणे दर आठवड्याला एक याप्रमाणे काही महिने बसावे लागते.

'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि चूर्णे यांविषयी सावध राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती दिशा चुकून आधीच उफाळलेली असते. करोनाच्या साथीत मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, तरी स्वयंप्रतिकाराचा आजार असलेल्या व्यक्तीने असे काहीही डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

जगण्याचा दर्जा: कोठे हात घालावा

रक्ताचे आकडे सुधारले की जगणे आपोआप सुधारते, असे होत नाही. ल्युपसमध्ये या दोहोंची सांगड अनेकदा जुळत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. म्हणूनच ब्रिटनमध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून 'ल्युपस क्यूओएल' ही ३४ प्रश्नांची प्रश्नावली तयार करण्यात आली. तिच्यात आठ भाग आहेत: शारीरिक क्षमता, वेदना, पुढचे बेत आखणे, जवळीक, इतरांवर ओझे होण्याची भावना, भावनिक आरोग्य, स्वतःच्या शरीराविषयीची भावना आणि थकवा. ही यादी रुग्णांच्या बोलण्यातून आलेली असल्याने ती स्वतःच्या आयुष्याला लावून पाहणे उपयोगी ठरते. आठही भागांवर एकदम काम करू नये. ज्या एका-दोन भागांत सर्वाधिक अडते, तिथून सुरुवात करावी.

बहुतेकांच्या बाबतीत तो भाग थकव्याचा असतो. दिवसातून एकदाच पाणी येणाऱ्या घरात जशी टाकी पाहून कपडे आणि भांडी ठरतात, तसे दिवसाच्या बळाचे नियोजन करावे लागते. बरे वाटलेल्या दिवशी कपाटे आवरणे, पाहुणे, बाजार असे सगळे उरकून टाकले की पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात आणि त्यातून पुन्हा निराशा येते. चांगल्या दिवशी थोडे कमी आणि वाईट दिवशीही थोडे तरी, हा नियम कठीण आहे, पण चालतो. बसून भाजी चिरणे, कणीक आदल्या रात्री मळून ठेवणे, ऑफिसला शक्य असल्यास गर्दीची वेळ टाळून निघणे, या बारीक गोष्टींतून रोज तासभराचे बळ वाचते.

थकलेल्या माणसाला व्यायाम सांगणे क्रूर वाटते, तरी पुरावा व्यायामाच्या बाजूचा आहे. युरोपीय संघटनेने २०२३ साली औषधाविना करायच्या उपायांच्या ज्या शिफारशी दिल्या, त्यांत व्यायाम, रुग्णशिक्षण, मानसिक आधार, उन्हापासून संरक्षण आणि धूम्रपान टाळणे यांचा समावेश आहे. सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने करावी, तीही सूर्य मावळल्यावर, आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. योगासने चालतात, सांधे सुजलेले असताना ताण देणारी आसने मात्र टाळावीत.

उन्हाचा प्रश्न आपल्याकडे केवळ त्वचेपुरता नसतो, तो माणसांपासून तुटण्याचाही असतो. हळद, मुंज, साखरपुडा, गावची जत्रा हे सारे भर दुपारी आणि मांडवात होते. एकदा चट्टे उठले की रुग्ण सगळीकडे जाणेच सोडते. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ टाळणे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, छत्री, किमान ३० आणि शक्यतो ५० एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन तासांनी, एवढी तयारी करून संध्याकाळच्या स्वागत समारंभाला तरी जावे. जाणे पूर्णपणे थांबवणे हा उन्हापासूनचा बचाव असला तरी नैराश्याला ते पोषकच असते.

शरीराच्या बदलांवर लोक बोलतात, आणि समारंभांत तर जास्तच. "किती जाड झालीस गं" याला घरी आधीच तयार केलेले एक वाक्य असावे: "औषधांमुळे आहे, कमी होईल." त्यापुढे स्पष्टीकरण देण्याचे बंधन नाही. जवळीक आणि लैंगिक संबंध यांविषयी मात्र मौन पाळू नये. वेदना, कोरडेपणा, तोंडातील फोड आणि काही नैराश्यविरोधी औषधे यांमुळे अडचणी येतात, आणि त्यांवर उपाय असतात, पण ते विचारल्याशिवाय मिळत नाहीत.

लग्न ठरवताना आजार लपवण्याचा सल्ला अनेक घरांत दिला जातो. तो मायेपोटी दिलेला असतो, तरी मला तो घातक वाटतो. लपवलेल्या आजाराच्या गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, म्हणजे त्या चुकतात, आणि उघड होण्याची भीती रोजची सोबती होते. आई होण्याच्या बाबतीतही गैरसमज फार आहेत. आजार किमान सहा महिने शांत असेल, मायकोफेनोलेटसारखी गर्भाला अपायकारक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच बदलली असतील आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवले असेल, तर बहुसंख्य स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते. "तुला मूल होणारच नाही" या ऐकीव वाक्यावर ज्या स्त्रिया वर्षानुवर्षे झुरतात, त्यांनी हा प्रश्न थेट तज्ज्ञांना विचारावा.

घरातल्यांसाठी

रुग्ण बाहेरून धडधाकट दिसते, ही ल्युपसमधील मोठी अडचण आहे. सकाळी हसत बोलणारी सून दुपारी झोपून राहिली, की ते सोंग वाटू शकते. आजार असाच चढउतारांचा आहे हे घरातील प्रत्येकाला डॉक्टरांच्या तोंडून एकदा तरी ऐकवावे. त्यासाठी एका भेटीला सासू-सासऱ्यांना किंवा नवऱ्याला मुद्दाम सोबत न्यावे. "काय मदत करू?" या प्रश्नाचे उत्तर नैराश्यातील व्यक्ती देऊ शकत नाही. त्याऐवजी "आज कुकर मी लावतो" असे म्हणून लावावा. उपदेश, इतर रुग्णांशी तुलना आणि नवस-उपासांचा आग्रह टाळावा; कडक उपास स्टिरॉइड घेणाऱ्या व्यक्तीला त्रासदायक ठरू शकतात. गोळ्या चुकू लागल्या, अंघोळ-जेवण सुटू लागले, निरवानिरवीची भाषा आली, तर भेट ठरवून स्वतः सोबत जावे.

ल्युपस असलेले पुरुष संख्येने थोडे असल्याने त्यांच्याकडे अधिकच दुर्लक्ष होते. त्यांच्यातील नैराश्य अनेकदा रडण्यातून न दिसता चिडचिड, दारू किंवा कामात बुडून जाणे यांतून दिसते. किशोरवयीन मुलांत ते अभ्यासातील घसरण आणि गोळ्या लपवून फेकणे यांतून दिसते.

खर्च आणि पुढची काळजी

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणे बंधनकारक आहे. म्हणून नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास, कंपनी नाही म्हणेल असे गृहीत धरून दावा न करणे योग्य नाही. पॉलिसीतील अटी वाचून, नकार आल्यास तो लेखी मागावा.

नैराश्य एकदा बरे झाले तरी ते परतू शकते. परतण्याच्या वेळा बऱ्याच अंशी ओळखीच्या असतात: आजाराची उसळी, स्टिरॉइडमधील मोठा बदल, बाळंतपणानंतरचे महिने, नोकरी सुटणे, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू. यांपैकी काही घडले की पुन्हा दोन आठवडे वही लिहावी, महिन्यातून एकदा प्रश्नावली भरावी, आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मन ढासळेपर्यंत न थांबता तेव्हाच मागून ठेवावी.